गुलाबी, फेसाळ आणि दोन हजारांच्या आत

मद्याबद्दल बोलण्यासाठी मराठी मध्यमवर्गाजवळ दोनच भाषा आहेत, असे मला पुष्कळ वर्षे वाटत आले आहे. पहिली गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ची. १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर, हे नाटक रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही आपल्या सामूहिक स्मृतीतील पात्रे होऊन बसली. दारू हा शब्द उच्चारताच आपल्या मनात एक संसार मोडायला लागतो, तो या नाटकामुळे. दुसरी भाषा खय्यामची, म्हणजे आपल्यापुरती माधव जूलियनांची. फारसीचे हे प्राध्यापक रुबायांच्या नादी लागले आणि 'द्राक्षकन्या' हा शब्द मराठीला देऊन गेले. त्या भाषेत मद्य हे मद्य नसतेच. ते क्षणभंगुरतेचे, प्रेमाचे, कधी अध्यात्माचेही रूपक असते. १९३६ साली जळगावला मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी हेच माधव जूलियन होते. केळी आणि कापूस यांच्या या मुलखाशी द्राक्षकन्येचा तेवढाच काय तो वाङ्मयीन संबंध.

या दोन भाषा परस्परविरोधी आहेत असे आपण वर्गात शिकवतो. एक शोकात्म, दुसरी उत्सवी. परंतु त्यांच्यात एक साम्य आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. दोहोंतही बाटलीची किंमत रुपयांत मोजलेली नाही. गडकऱ्यांकडे ती संसाराने मोजायची, खय्यामकडे आयुष्याने. दुकानात जाऊन, खिशातले पैसे मोजून, लेबल वाचून, ही की ती असा विचार करून, पावती घेऊन पिशवीत घालून आणायची बाटली या दोन्ही परंपरांत नाही. गृहस्थाश्रमी, हिशेबी आणि जाणत्या माणसाने, त्यातही बाईने, एखाद्या संध्याकाळपुरती मद्याची निवड कशी करावी, यासाठी आपल्याजवळ शब्दच नाहीत. गेल्या वर्षी मला असे शब्द शोधावे लागले, त्याचा हा वृत्तांत.

निमित्त साधे होते. एम.ए.ला एकत्र असलेल्या आम्ही चौघी मैत्रिणी. दोघी जळगाव जिल्ह्यात, दोघी धुळ्याकडे. चौघींनी मराठीच शिकवले. त्यांतली एक, धुळ्याची, चौदा वर्षे तासिका तत्त्वावर काम करीत होती. ज्यांना हा शब्दप्रयोग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: शिकवलेल्या तासांचे तेवढे मानधन, सुट्टीचे नाही, परीक्षेच्या काळातले नाही, आणि दरवर्षी जूनमध्ये पुन्हा मुलाखत. चौदा वेळा तिने स्वतःच्याच जागेसाठी मुलाखत दिली. गेल्या वर्षी तिची कायम नियुक्ती झाली. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी.

आमच्याकडे पुरुष सहकाऱ्याला असे काही मिळाले की महामार्गावरच्या ढाब्यावर 'पार्टी' होते. बाईला मिळाले की ती पेढे वाटते. यात कोणी कोणावर अन्याय करीत नाही. रीतच तशी पडली आहे. पण तिने फोनवर म्हटले, "पेढे तर वाटीनच गं. पण एकदा ते सिनेमात असतं ना, बूच उडतं आणि फेस येतो, ते गुलाबी काहीतरी, ते मला एकदा हवंय. आयुष्यात एकदाच." मग हसून म्हणाली, "आणि फार महाग नको. पहिला पगार व्हायला अजून तीन महिने आहेत." चौघींनी पाचशे-पाचशे काढायचे ठरले. दोन हजार रुपये. निवडीची जबाबदारी माझ्यावर आली, कारण त्या महिन्यात मी एका चर्चासत्रासाठी नाशिकला जाणार होते.

नाशिकचा उल्लेख उगाच नाही. खानदेशातल्या शहरांत 'वाइन शॉप' अशी पाटी ठळक अक्षरांत असते आणि आत वाइन सोडून सर्व काही असते. ही पाटी म्हणजे लक्षणाशक्तीचा उत्तम नमुना आहे. मुख्यार्थाचा बाध इतका पूर्ण की विद्यार्थ्यांना दुसरे उदाहरण देण्याची गरज पडू नये. मी आधी जळगावातच एका दुकानी चौकशी केली. जाळीच्या खिडकीपुढे रांगेतली माणसे बाजूला झाली, काहीशा आदराने, काहीशा अवघडून. दुकानदार सभ्य होता. त्याने वरच्या फळीवरून दोन बाटल्या काढल्या, फडक्याने पुसल्या आणि म्हणाला, "मॅडम, लेडीज ड्रिंक आहे, कोणी नेत नाही." पारदर्शक काचेची बाटली, डोक्यावर दिवसरात्र जळणारी ट्यूबलाइट आणि बाहेर मार्चचे ऊन. मी नम्रपणे नको म्हटले. वाइन ही जिवंत वस्तू आहे. उजेड आणि उष्णता तिला सोसत नाहीत. गुलाबी वाइन तर रंग दिसावा म्हणून मुद्दाम पांढऱ्या काचेत भरतात, त्यामुळे तिला उजेडाची बाधा अधिक लवकर होते. ज्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेथे फळीवर वर्ष काढलेली बाटली स्वस्त मिळाली तरी महागच पडते. कमी पैशांत निवड करणाऱ्याने पाळायचा पहिला नियम मला तेथेच मिळाला: नावाआधी साठवण पाहावी.

नाशिकला जाण्यापूर्वी मी थोडा अभ्यास केला. संहिता हाती घेण्यापूर्वी संदर्भ पाहावेत, ही आपली सवय. त्या अभ्यासातून हाती आले ते येथे देते, कारण मराठीत ते कोणी नीट सांगत नाही.

पहिला प्रश्न बुडबुड्यांचा. फेस तीन मार्गांनी येतो. सर्वांत कष्टाचा मार्ग असा: तयार वाइन बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात. बंद बाटलीत ती पुन्हा एकदा आंबते. निर्माण झालेला वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाइनमध्येच विरघळतो. मग या बाटल्या महिनोन्‌महिने आडव्या ठेवतात. पुढे त्या तोंडाकडून खाली कलत्या लावून रोज थोड्या थोड्या फिरवतात, म्हणजे गाळ बुचाशी जमतो. शेवटी बाटलीची मान गोठवून तो गाळाचा खडा उडवून काढतात आणि खरे बूच लावतात. आतला दाब वातावरणाच्या पाच-सहा पट, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून अधिक. दुसऱ्या मार्गात हेच दुसरे आंबणे मोठ्या बंद टाकीत होते; कष्ट कमी, किंमत कमी, ताज्या फळाचा वास अधिक. इटलीतली प्रोसेक्को मुख्यतः अशी. तिसरा मार्ग सोड्याचा: वाइनमध्ये वायू बाहेरून भरायचा. हा सर्वांत स्वस्त, आणि त्याचे बुडबुडे पेल्यात सर्वांत आधी संपतात. पहिल्या मार्गाची बाटली असेल तर उत्पादक पारंपरिक पद्धतीचा उल्लेख लेबलावर अभिमानाने करतो. हा उल्लेख नसेल तर काय समजायचे ते वाचकाने समजावे. अनुक्तही वाचता आले पाहिजे.

दुसरा प्रश्न रंगाचा. मला स्वतःला वाटत होते की गुलाबी वाइन गुलाबी द्राक्षांची असते. तसे नाही. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस बिनरंगीच असतो. सगळा रंग सालीत. रस आणि साल काही तास एकत्र राहिले की गुलाबी छटा येते, कित्येक दिवस राहिले तर लाल. म्हणजे गुलाबी हा रंग सहवासाचा आहे, आणि तोही वेळेवर थांबवलेल्या सहवासाचा. दुसरी रीत म्हणजे पांढऱ्या वाइनमध्ये थोडी लाल मिसळणे. साध्या, बिनफेसाच्या गुलाबी वाइनसाठी युरोपात ही रीत निषिद्ध मानतात. २००९ साली ती खुली करण्याचा प्रस्ताव आला होता, उत्पादकांच्या विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला. गंमत अशी की खुद्द शॅम्पेनमध्ये ही मिसळ पूर्वापार मान्य आहे. शुद्धतेचे नियम प्रांताप्रांतांत कसे बदलतात, हे भाषाशुद्धीचा इतिहास शिकवणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. फ्रेंच लोक या गुलाबीच्या एका फिकट, किंचित तांबूस छटेला कांद्याच्या सालीचा रंग म्हणतात. हे वाचल्यावर मला ती वाइन एकदम जवळची वाटू लागली. लासलगावच्या शेजारात राहणाऱ्यांना गुलाबापेक्षा ही उपमा अधिक कळते.

तिसरा प्रश्न गोडीचा, आणि येथे भाषेची खरी परीक्षा आहे. लेबलावर 'ब्रूट' असे लिहिलेले असते. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ कच्चा, संस्कार न झालेला. वाइनच्या संदर्भात त्याचा अर्थ साखर नाममात्र: लिटरला बारा ग्रॅमपेक्षा कमी. त्याच्या पुढची पायरी 'एक्स्ट्रा ड्राय', बारा ते सतरा ग्रॅम. म्हणजे जी 'अधिक कोरडी' म्हणवते ती ब्रूटपेक्षा गोड. 'सेक' या शब्दाचा अर्थही कोरडा, आणि तिच्यात साखर सतरा ते बत्तीस ग्रॅम. 'देमी-सेक' त्याहून गोड, पन्नासपर्यंत. शब्द आणि अर्थ यांची इतकी सरळ फारकत मी अलंकारशास्त्रातही पाहिली नव्हती. इंग्रजी 'ड्राय'चे 'कोरडी' असे भाषांतर मराठीत करून पाहावे, ओली वस्तू कोरडी कशी, असा प्रश्न लगेच पडतो. आपल्याकडे मीठ नसलेल्या पदार्थाला 'अळणी' असा नेमका शब्द आहे. साखर नसलेल्यासाठी तसा रुळलेला शब्द नाही. मी माझ्यापुरता 'अगोड' असा वापरू लागले. 'स्पार्कलिंग'साठी 'फसफसणारी' म्हटले की सोडा वॉटर आठवते. 'फेसाळ' त्यातल्या त्यात बरा. शोधायची वस्तू म्हणजे गुलाबी, फेसाळ, अगोड. तीन विशेषणे सापडली आणि माझे निम्मे काम झाले. नाम मात्र अद्याप सापडायचे होते.

'शॅम्पेन' हे नाम वापरण्याची सोय नव्हती. मराठीत आपण फेस येणाऱ्या प्रत्येक वाइनला शॅम्पेन म्हणतो, जसे प्रत्येक वनस्पती तुपाला डालडा म्हणत आलो. परंतु ते फ्रान्सच्या एका प्रदेशाचे नाव आहे आणि त्या प्रदेशाबाहेरच्या वाइनला ते लावता येत नाही. शिवाय आयात वाइनवर आपल्याकडे अनेक वर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिले. त्यामुळे युरोपात जी बाटली सामान्य घरात उघडते ती येथे येईपर्यंत सरंजामी होते. दोन हजारांत खरी शॅम्पेन येत नाही, आणि त्या किमतीच्या आसपासची आयात बाटली घेतली तर पैशाचा मोठा वाटा करात जातो, द्राक्षात नाही. म्हणून परदेशी नावाचा मोह प्रथम सोडला.

देशी पर्याय मात्र आपल्याच दारात आहेत. या कथेची सुरुवात नाशिकला होत नाही, नारायणगावला होते. पुणे जिल्ह्यातल्या या गावी १९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन तयार केली. देशात ती 'मार्की द पाँपादूर' या नावाने विकली गेली आणि परदेशात कोणत्या नावाने गेली असेल? 'ओमर खय्याम'. माधव जूलियनांनी फारसीतून मराठीत आणलेला खय्याम नारायणगावच्या द्राक्षांवर बसून पुन्हा पश्चिमेला गेला. हा उद्योग पुढे आर्थिक अडचणींत सापडून मोडला. पण वाट पडली होती. नाशिकला राजीव सामंत यांची 'सुला' या शतकाच्या आरंभी बाजारात आली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि खाण्याच्या द्राक्षांचा जिल्हा वाइनचाही जिल्हा झाला. २०१३ साली फ्रान्सच्या 'शांदोन'ने दिंडोरीत बनवलेली फेसाळ वाइन बाजारात आणली, पांढरी आणि गुलाबी दोन्ही. 'ग्रोव्हर झम्पा'ची गुलाबी ब्रूटही याच पट्ट्याशी नाते सांगते. नाशिकहून धुळे चांदवड-मालेगाव मार्गे साडेतीन तासांवर आहे. म्हणजे आमच्या मैत्रिणीचे 'सिनेमातले गुलाबी काहीतरी' तिच्या घरापासून एका दुपारच्या अंतरावर तयार होत होते.

एवढा अभ्यास झाल्यावर मी चौघींना फोनवर एकत्र घेतले. येथे मला आमच्यातल्या चौथीविषयी सांगितले पाहिजे. ती वयाने थोडी मोठी, आम्ही तिला ताई म्हणतो. तिचे माहेर शिरपूर तालुक्यातले. तिच्या घरात दारूने काय केले ते मी येथे लिहिणार नाही. सिंधूची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना तपशिलांची गरज नाही. गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांचे मतदान झाले तेव्हा ती माहेरी जाऊन घरोघर फिरली होती. त्या मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ती आडव्या बाटलीची कार्यकर्ती. तिचेही पाचशे रुपये या वर्गणीत होते.

मला तिची चिंता होती. म्हणून मी फोनवर जरा सावरूनच बोलत होते. वाइन म्हणजे तशी दारू नव्हे, ती शेतमालापासून होते, तिच्यात मद्याचे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास असते, वगैरे. हे शब्द माझे नव्हते. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा वर्तमानपत्रांतून हाच वाद रंगला होता: वाइन म्हणजे दारू की नव्हे? निर्णय पुढे अमलात आला नाही. वादाची भाषा तेवढी आपल्या तोंडी राहून गेली.

ताईने मला थांबवले. म्हणाली, "हे बघ, आणायची तर आण. तिने चौदा वर्षं काढली आहेत, तिला जे हवं ते मिळालं पाहिजे. मी पिणार नाही, पण मी येणार आहे. फक्त एक कर. तिला दुसरं नाव देऊ नको. दारू आहे ती. दारू म्हणून आण, दारूइतकीच आण आणि दारूसारखी संपव." मग मी बाटल्या आडव्या ठेवण्याची गोष्ट सांगितली तेव्हा मोकळेपणाने हसली. "म्हणजे तिथे आमचाच पक्ष निवडून आलेला दिसतो."

तिच्या त्या वाक्याने मला हवे असलेले नाम मिळाले. गुलाबी, फेसाळ, अगोड दारू. यातल्या तिन्ही विशेषणांना काही अर्थ यायचा असेल तर नाम प्रामाणिक हवे. आपली भाषा हे पूर्वी जाणत होती असे दिसते. आयुर्वेदात आंबवलेल्या औषधांचे दोन वर्ग आहेत, आसव आणि अरिष्ट. माझ्या आजीच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली असे आणि एकादशीलाही तिचा चमचा चुकत नसे. आणि 'अरिष्ट' या शब्दाचा मराठीतला दुसरा अर्थ सर्वांना ठाऊक आहे: संकट. एकाच शब्दात औषध आणि संकट दोन्ही ठेवणारी भाषा भाबडी नव्हती. सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांवर मोहाच्या दारूची धार आधी देवाला पडते, मग माणसांना. तेथेही तिचे नाव बदलत नाहीत. नाव बदलण्याची गरज आम्हां पांढरपेशांनाच लागते.

कायदाही याबाबतीत मोठा साहित्यिक आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही मूळ आधार आहे आणि पिणाऱ्याजवळ परवाना असावा अशी अपेक्षा आहे. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळत आला आहे. हे परवाने आरोग्य टिकवण्याच्या कारणाने देण्याची जुनी रीत, तर बाटलीवरची सक्तीची सूचना म्हणते की मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्टच सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. माझ्या हिशेबात हेही धरलेले होते. पाच रुपये परवान्याचे आणि एक बाटली, दुसरी नाही.

हिशेब करताना मला क्षेमेंद्र आठवला. अकराव्या शतकातल्या या काश्मिरी आचार्याने औचित्य हा काव्याचा प्राण मानला. कमरपट्टा गळ्यात घातला आणि हार कमरेला बांधला तर दोन्ही अलंकार सुंदर असूनही हसे होते, असे तो समजावतो. वर्गात हे सांगताना विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहितात. मला मात्र त्याचा खरा अर्थ नाशिकच्या त्या दुकानात, फळीपुढे उभी असताना कळला. मर्यादित पैशांत निवड करणे म्हणजे कमी दर्जाचे पत्करणे नव्हे. या प्रसंगी काय अनिवार्य आहे आणि काय सोडता येईल, एवढाच तो प्रश्न.

दुकानात थंड कपाट होते, बाटल्या उजेडापासून दूर होत्या. एकाच उत्पादकाची पांढरी आणि गुलाबी शेजारी होती, गुलाबी महाग. दुकानातला माणूस जाणता होता. तो म्हणाला, "डोळे मिटून प्यायल्या तर पुष्कळांना फरक सांगता येत नाही, मॅडम. वरचे पैसे रंगाचे आहेत." काटकसरीचा सल्ला उघड होता: पांढरी घ्या. दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी मी तो मानला असता. पण आमच्या मैत्रिणीने मागितला होता तो रंगच. चौदा वर्षे तिने खडूच्या पांढऱ्याशिवाय दुसरा रंग पाहिला नाही, असे मी म्हणणार नाही, ते खोटे ठरेल. तिने दोन मुली वाढवल्या, पीएच.डी. केली, भरपूर हसली. पण ज्या एका वस्तूला कोणताही उपयोग नाही अशी वस्तू तिने स्वतःसाठी कधी मागितली नव्हती. गुलाबी रंग येथे अलंकार नव्हता, आशय होता. तो सोडता येणार नव्हता.

मग सोडायचे काय? परदेशी नाव आधीच सुटले होते. सर्वांत महाग देशी बाटली घेतली असती तर चौघींचे सगळे पैसे तिच्यातच गेले असते आणि ताईच्या पेल्यात काही उरले नसते. गोड प्रकार स्वस्त होते, पण त्यांत वायू बाहेरून भरलेला, तेही नकोत. मी मधली घेतली: पारंपरिक पद्धतीची, ब्रूट, फिकट, कांद्याच्या सालीच्या रंगाची. नाव सांगत नाही. हा लेख जाहिरात नव्हे, आणि पुढच्या वर्षी तिची किंमत वा गुण तेच राहतील याची हमी कोण देणार? दुकानदाराकडून बर्फाची पेटी मागून घेतली. पारंपरिक फेसाळ वाइन गरम झाली आणि उघडली तर निम्मी छताला जाते. उरलेल्या पैशांत धुळ्यात शिरताना साक्रीकडची डाळिंबे घेतली, ताईसाठी. जळगावहून येणारी मैत्रीण एरंडोल-पारोळ्यावरून केळीचे वेफर्स घेऊन आली.

शेवटची गोष्ट पाकशास्त्राची. खानदेशी जेवण आणि फेसाळ वाइन यांचे जमत नाही, असे कोणी म्हणाले तर अर्धेच खरे. शेवभाजीच्या तिखटाबरोबर बुडबुडे जिभेला अधिक चटका देतात. तेथे ताकच बरे. पण खारट, तळलेले, कुरकुरीत असे काहीही तिच्याबरोबर उत्तम लागते, कारण तिची आंबट धार तेलकटपणा धुऊन काढते. जळगावचे केळीचे वेफर्स या कामासाठीच जन्माला आले असावेत. आम्ही जेवणाआधी वेफर्स घेतले आणि वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी नंतर.

बूच उडवायचे नसते, हेही मी वाचून ठेवले होते. बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवायची. उसासा टाकल्यासारखा आवाज येतो. पण तिला सिनेमातला आवाज हवा होता. अंगणात जाऊन, तोंड भिंतीकडे करून तिने तो काढला. शेजारच्या आजी कुंपणाशी आल्या. "हाई काय शे वं?" आमची मैत्रीण क्षणभर थबकली आणि मग ताईकडे पाहून म्हणाली, "दारू शे, आजी. नोकरी पक्की झाली." आजींनी थोडा विचार केला आणि विचारले, "मंग पेढा कोठे शेत?" पेढे होते, त्यांना दिले.

साडेसातशे मिलिलिटरचे सहा पेले होतात. तिघींना दोन-दोन. चौथ्या पेल्यात डाळिंबाचा रस, जवळजवळ त्याच रंगाचा, किंचित गडद. दुरून पाहणाऱ्याला फरक कळला नसता. ताईने तो कळेल अशा रीतीने आपला पेला थोडा बाजूला ठेवला, आणि तिने तसे करावे हेच योग्य होते. एकाच ताटाभोवती पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या दोघींनाही आपापले नाव न लपवता बसता येणे, ही मला त्या संध्याकाळची खरी कमाई वाटते. गडकऱ्यांच्या नाटकात अशी बैठक शक्य नव्हती, कारण तेथे पेला हातात घेतला की पुढचा प्रवेश ठरलेला. खय्यामच्या मैफलीतही नव्हती, कारण तेथे न पिणारा हा नेहमी उपहासाचा विषय.

द्राक्षकन्या आणि अरिष्ट यांच्या मध्ये एक लहानशी जागा आहे. तेथे पावती असते, परवाना असतो, मोजलेले सहा पेले असतात, एक सरबताचा पेला असतो, आणि वस्तूला तिच्या नावाने हाक मारणारी एक मैत्रीण असते. त्या जागेचे मराठी साहित्य अजून फारसे लिहिले गेलेले नाही. ते लिहायला दोन हजार रुपये पुरतात. फक्त काय सोडायचे ते आधी ठरवावे लागते.